दोन फूट पावणेपाच इंच

अमेरिकेत हायस्कूलच्या बास्केटबॉल कोर्टवर तीन गुणांची रेषा, म्हणजे जिच्याबाहेरून टाकलेल्या चेंडूला तीन गुण मिळतात ती, बास्केटपासून १९ फूट ९ इंचांवर असते. कॉलेजात ती २२ फूट पावणेदोन इंचांवर जाते. मुलांच्या खेळात २०१९-२० पासून, मुलींच्या खेळात २०२१-२२ पासून. फरक दोन फूट पावणेपाच इंचांचा, म्हणजे घरातल्या दाराच्या रुंदीएवढासुद्धा नाही.

बारावी संपवून जूनमध्ये कॉलेजच्या जिममध्ये आलेला मुलगा ही रेषा बघून मुळीच दचकत नाही. रिकाम्या जिममध्ये तो पंचवीस फुटांवरूनही चेंडू आत टाकतो. त्याचा नेम बिघडतो तो नोव्हेंबरात, सामन्याच्या पस्तिसाव्या मिनिटाला. लांबचा शॉट हातांनी टाकलेला दिसत असला तरी त्याचं बळ मांड्या-पोटऱ्यांतून येतं. पाय थकले की उडी कमी होते, चेंडू सपाट जातो. रिंगचा व्यास १८ इंच, चेंडूचा जवळपास साडेनऊ. ४५ अंशांत खाली येणाऱ्या चेंडूला रिंगचं तोंड पावणेतेरा इंचांच्या आसपास उघडं मिळतं, ३५ अंशांत येणाऱ्याला जेमतेम सव्वादहा. म्हणजे चुकायला उरते पाऊण-एक इंच जागा. त्यामुळे शॉट रिंगच्या पुढच्या कडेला आदळायला लागले, की जाणता प्रशिक्षक मुलाच्या मनगटाकडे बघत नाही, गुडघ्यांकडे बघतो.

कागदावर मांडता येणारे बाकीचे फरक लवकर सांगून टाकतो. शाळेचा कोर्ट बहुतेक ठिकाणी ८४ फूट लांब, कॉलेजचा ९४. शाळेचा सामना ३२ मिनिटांचा, कॉलेजचा ४०. फाउल मात्र दोन्हीकडे पाचच, पाचवा झाला की खेळाडू सामन्यातून बाहेर, त्यामुळे तेवढेच फाउल आठ मिनिटं जास्त पुरवायचे. आणि शॉट क्लॉक, म्हणजे ठरलेल्या सेकंदांत शॉट घ्यायला लावणारं घड्याळ. शाळांमध्ये ते देशभर सक्तीचं नाही. ३५ सेकंदांचं घड्याळ लावायची मुभा राज्यांना २०२२-२३ पासून मिळाली. कॉलेजात ३० सेकंद. कबड्डीच्या चढाईलाही नेमके तेवढेच मिळतात, म्हणून मराठी वाचकाला हे घड्याळ वेगळं समजवायला नको. आठेक सेकंद चेंडू पुढे आणून मांडणी करण्यात जातात. पहिली चाल अडली, की पंधरा-सोळा उरलेले असतात. दुसरीही अडली, तर शेवटच्या सहा-सात सेकंदांत कुणालातरी स्वतःच्या जिवावर काहीतरी घडवावं लागतं. घड्याळ नसलेल्या शाळेत हाच मुलगा चेंडू बाहेर काढून सगळं पहिल्यापासून सुरू करू शकत होता.

पण हे सगळं मोजता येतं, म्हणून शिकताही येतं. खरी अडचण दुसरीकडे आहे. शाळेतल्या ताऱ्याला जे कधी करावंच लागलं नाही, ते कॉलेजात पहिल्याच दिवशी करावं लागतं. त्याची गुणवत्ता इतकी मोठी होती की तिच्याआड बाकीचं सगळं झाकलं गेलं होतं.

डिफेन्सचंच घ्या. शाळेत प्रशिक्षक आपल्या सर्वोत्तम खेळाडूला समोरच्या सगळ्यात दुबळ्या पोरावर ठेवतो, कारण त्याला फाउल होऊन बाहेर बसवणं परवडत नाही. मुलगा चेंडूकडे बघत उभा राहतो, अधूनमधून झेप घेऊन पास पकडतो, आणि प्रेक्षक त्यालाच डिफेन्स समजतात. कॉलेजात समोरचा संघ आदल्या आठवड्यात त्याची फिल्म बघून आलेला असतो. पहिल्या वर्षाचा मुलगा कोण, हे त्यांना ठाऊक असतं. तो ज्याला धरतोय त्याच माणसाला ते मुद्दाम स्क्रीन लावायला पाठवतात, म्हणजे चेंडूवाल्याला धरणाऱ्याच्या वाटेत आडवं उभं राहायला. एकदा, दोनदा, पाचदा.

स्क्रीनवर काय करायचं हे आधी ठरलेलं असतं. मागचा उंच खेळाडू खाली थांबणार असेल तर ‘ड्रॉप’, बाहेर येऊन क्षणभर वाट अडवणार असेल तर ‘हेज’, माणसं बदलायची असतील तर ‘स्विच’, चेंडूवाल्याला कडेलाच दाबून ठेवायचं असेल तर ‘आइस’. शब्द पाठ व्हायला दोन दिवस लागतात. ते वेळेवर ओरडायला अख्खा हंगाम लागतो. हाक स्क्रीन पोहोचण्याआधी गेली तरच उपयोगाची. धडक बसल्यावर ‘स्विच’ म्हणून ओरडणं म्हणजे पूर ओसरल्यावर बांध घालणं. शाळेत ज्याच्या नावाने सगळं मैदान ओरडत होतं, त्याला स्वतः ओरडायची सवयच नसते. चेंडू हाताळणं, शॉट, उडी या सगळ्यांपेक्षा जास्त प्रशिक्षकांना झगडावं लागतं ते या न बोलण्याशी. माझ्या मते पहिल्या वर्षात सगळ्यात कमी लेखलं जाणारं कौशल्य हेच.

मग येतो मदतीचा डिफेन्स. आपला माणूस चेंडूपासून दोन पास लांब असेल तर एक पाय बास्केटखालच्या रंगवलेल्या पट्ट्यात ठेवायचा, चेंडू आणि आपला माणूस दोन्ही नजरेच्या टप्प्यात ठेवायचे. कुणी आत घुसला की त्याला थोपवायचं, आणि चेंडू बाहेर उडाला की धावत परत आपल्या माणसावर. परत धावण्यातही कला आहे: दोन तृतीयांश अंतर सुसाट, उरलेलं छोट्या छोट्या पावलांनी, कंबर खाली, एक हात वर. नवा मुलगा शेवटपर्यंत सुसाट येतो, ताठ उभा राहतो, आणि समोरचा नुसती शॉटची हुलकावणी देऊन त्याच्या काखेखालून निघून जातो. एन.बी.ए.मध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, बचाव करणाऱ्याला कुणालाही न धरता पट्ट्यात तीन सेकंदांहून जास्त थांबता येत नाही. कॉलेजात असं बंधन नाही. म्हणून कॉलेजातली बास्केटखालची जागा कायम गच्च भरलेली असते.

ही गच्च भरलेली जागा हल्ला करतानाही आडवी येते. शाळेत पहिल्या माणसाला चकवलं की पुढे मोकळं रान असे. कॉलेजात पहिल्याला चकवलं की दुसरा उभाच असतो, त्याच्यामागे पावणेसात-सात फुटी तिसरा. १२ नोव्हेंबर २०२४ ला अटलांटात ड्यूक आणि केंटकी या विद्यापीठांचा सामना झाला. ड्यूककडून खेळणारा कूपर फ्लॅग तेव्हा १७ वर्षांचा होता, देशातला सगळ्यात गाजलेला नवा खेळाडू. त्याने २६ गुण काढले आणि १२ रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या शॉटचे चेंडू, घेतले. ७२-७२ अशी बरोबरी असताना शेवटच्या काही सेकंदांत तो चेंडू घेऊन आत घुसला, गर्दीत सापडला आणि केंटकीच्या ओटेगा ओवेने चेंडू काढून घेतला. केंटकी ७७-७२ ने जिंकली. फ्लॅगची चाल शाळेच्या हिशेबाने चूक नव्हती. कॉलेजच्या हिशेबाने तिथे मदत आधीच येऊन थांबली होती. हंगाम संपला तेव्हा सरासरी १९.२ गुण काढून तो देशातला सर्वोत्तम खेळाडू ठरला होता, पण त्या रात्री जे घडलं ते या वयाच्या पोरांच्या पाचवीलाच पुजलेलं असतं.

यावर उपाय अगदी साधे आणि कंटाळवाणे आहेत. आत घुसताना एका पायावर उडण्याऐवजी दोन्ही पायांवर थांबायला शिकायचं. थांबलेला माणूस पास देऊ शकतो, हवेत गेलेला बहुधा देऊ शकत नाही. आठ-दहा फुटांवरून उंच, मऊ फ्लोटर टाकायचा, म्हणजे मागच्या उंच माणसापर्यंत जायलाच नको. रिंगखालून पलीकडे जाऊन उलटा ले-अप, म्हणजे अगदी जवळून अलगद टाकायचा शॉट, घ्यायचा, म्हणजे रिंग आणि जाळीच ब्लॉक करणाऱ्या हाताला आडवी येते. आणि डावा हात. शाळेत डाव्या हाताशिवाय तीस गुण काढणारा मुलगा इथे फिल्मवर सापडला, की तिसऱ्या सामन्यापासून प्रत्येक संघ त्याला डावीकडेच ढकलतो.

चेंडू हातात नसताना काय करायचं, हा तर त्याहून मोठा प्रश्न. शाळेत चेंडू जवळजवळ कायम त्याच्याकडे असतो. पास दिला की तो कमरेवर हात ठेवून उभा राहतो. चेंडू परत येणारच असतो. कॉलेजच्या संघात त्याच्यासारखे आणखी सहा-सात जण असतात, प्रत्येक जण आपापल्या शाळेचा राजा. तिथे उभं राहणं म्हणजे आपल्याला धरणाऱ्याला मदतीला जायला मोकळीक देणं. आपल्याला धरणाऱ्याने चेंडूकडे मान वळवली, की त्याच क्षणी पाठीमागून कापत आत जायचं. साथीदार बास्केटमागच्या रेषेलगत घुसला तर समोरच्या कोपऱ्यात सरकायचं. पास दिल्यावर दोन पावलं जागा बदलायची. आणि चेंडू मिळाला की अर्ध्या सेकंदात ठरवायचं: शॉट, पास की घुसायचं. चेंडू घेऊन आधी थोडं टपटपवून अंदाज घेण्याची शाळेतली सवय इथे घात करते. त्या दोन टप्प्यांत बचाव पुन्हा जागेवर येऊन बसतो.

न्यू जर्सीतल्या एडिसन-पिस्कॅटवे भागात मराठी घरं पुष्कळ आहेत. रटगर्स विद्यापीठाचं मैदान तिथेच, पिस्कॅटवेत. २०२४-२५ मध्ये डिलन हार्पर आणि एस बेली हे देशातल्या सगळ्यात वरच्या नवख्यांपैकी दोघे एकाच वेळी रटगर्सकडे आले. गुण त्यांनी काढले: हार्परने सरासरी १९.४, बेलीने १७.६. इंडियानाविरुद्ध बेलीने एकट्याने ३९ काढले. तो सामना रटगर्स हरली. केनेसॉ स्टेटसारख्या लहान संघाकडूनही ७९-७७ अशी हार झाली. हंगाम १५ विजय आणि १७ पराभवांवर संपला, आणि मार्चच्या मोठ्या राष्ट्रीय स्पर्धेत जागा मिळाली नाही. जूनमध्ये एन.बी.ए.च्या निवडीत हार्पर दुसरा गेला, बेली पाचवा.

या हंगामाबद्दल बोलताना त्या दोन पोरांकडे बोट दाखवणं मला पटत नाही. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाने रोज वीस गुण काढायचे, समोरच्या चोविशीच्या गड्याला रोखायचं, शिवाय बाकीच्यांना कुठे उभं राहायचं तेही सांगायचं, हे ओझं फार आहे. शेवटचं काम एरवी चौथ्या वर्षाचा गार्ड, म्हणजे चेंडू हाताळणारा बाहेरचा खेळाडू, करतो, ज्याचं नाव कुणाला आठवत नाही. २०१५ च्या ड्यूककडे असा क्विन कूक होता. त्या संघाने विस्कॉन्सिनला ६८-६३ हरवून विजेतेपद घेतलं, आणि ६८ पैकी ६० गुण पहिल्या वर्षाच्या चौघांनी काढले. टायस जोन्सचे २३, ग्रेसन ऍलनचे १६, जस्टिस विन्सलोचे ११, जाहलिल ओकाफोरचे १०. त्यातला ऍलन मला सगळ्यात जवळचा वाटतो. शाळेत असताना तो देशातल्या निवडक २४ जणांत होता, मॅकडोनाल्ड्सच्या त्या मानाच्या सामन्यात खेळलेला. ड्यूकमध्ये वर्षभर त्याला मिनिटं मिळाली चिमूटभर, सरासरी साडेचार गुणांचीही नाही. अंतिम सामन्यात संघ ९ गुणांनी मागे पडला तेव्हा त्याला आत असताना सूर सापडला आणि त्याने लागोपाठ ८ गुण काढले. वर्षभर बाकावर बसून त्याने सराव सोडला नव्हता, एवढाच त्याचा अर्थ.

बाकावर बसणं शाळेच्या ताऱ्याला ठाऊक नसतं. मिनिटं कमी झाली की तो हातात चेंडू आल्या आल्या शॉट टाकायला लागतो, कारण ‘आता नाही तर कधी’. तो शॉट चुकतो, मिनिटं आणखी कमी होतात. या चक्रातून बाहेर काढायला अनेक प्रशिक्षक सामन्याचे तुकडे पाडून देतात. कॉलेजच्या मुलांच्या सामन्यात प्रत्येक अर्ध्यात १६, १२, ८ आणि ४ मिनिटं उरली की टीव्हीसाठी खेळ थांबतो. म्हणजे चार-चार मिनिटांचे लहान सामने. त्या चार मिनिटांत दोन चेंडू अडवले, एक रिबाउंड घेतला, एकदाही माणूस चुकवला नाही, तर एक गुण न काढताही पुढची चार मिनिटं मिळतात.

आता अंगाविषयी. एकोणिसाव्या वर्षी उंची आलेली असते, वजन यायचं असतं. २०१५ मध्ये केंटकीकडे आलेला स्काल लाबिसियेर हैतीत जन्मलेला, जवळपास सात फूट, सुरेख शॉटचा मुलगा. त्या वर्षीच्या नवख्यांच्या यादीत तो अगदी वर होता. बास्केटखाली त्याच्याहून जड माणसं त्याला ढकलून जागा घेऊ लागली. ढकलल्यावर हात वापरावा लागतो, हात वापरला की फाउल, आणि दोन फाउल लवकर झाले की बाक. वर्षाअखेर सरासरी ६.६ गुण. त्याची समज कमी नव्हती, शॉट तर नव्हताच कमी. त्याला दोन उन्हाळे हवे होते, मिळाला एक.

वजनाच्या बाबतीत घाई नडते. आठ आठवड्यांच्या उन्हाळी सत्रात दोन-तीन किलो स्नायू आले तरी उत्तम. सात-आठ किलो एकदम चढवले, तर गुडघ्याखालचे स्नायुबंध दुखायला लागतात आणि शॉटची लय जाते, कारण उडीचा वेळ बदललेला असतो. नव्वद किलोच्या मुलाला दिवसाला दीडशे ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लागतात. ती चार-पाच वेळांत वाटून खावी लागतात, आणि इथेच घोडं पेंड खातं: सकाळी आठचा तास असतो, मुलगा न्याहारी बुडवतो. घरी आई किंवा आजी ताट पुढे ठेवायची. इथे तो पहिल्यांदाच स्वतः ठरवतोय की कधी जेवायचं. व्यायामशाळेत पहिले काही आठवडे वजनाचे आकडे वाढवण्यापेक्षा मांड्या, नितंब, घोटा आणि खांदा नीट हलतात का, हेच बघितलेलं बरं.

मुलींच्या खेळात हाच प्रवास थोडा वेगळा होतो. पुष्कळ संघ सरावासाठी कॉलेजातल्याच मुलांना बोलावतात, त्यामुळे उंची आणि वेगाचा पहिला धक्का ऑक्टोबरातच, घरच्या मैदानावर बसतो. आणि डब्ल्यू.एन.बी.ए. या महिलांच्या व्यावसायिक लीगच्या वयाच्या नियमामुळे त्या एका वर्षात निघून जाऊ शकत नाहीत. कनेटिकटची पेज ब्यूकर्स २०२०-२१ मध्ये पहिल्याच वर्षी देशातली सर्वोत्तम ठरली. संघाला विजेतेपद मिळवून देईपर्यंत एप्रिल २०२५ उजाडला, मध्ये गुडघ्याच्या दुखापतीचा अख्खा हंगाम गेला. चार-पाच वर्षं आहेत हे प्रशिक्षकाला माहीत असलं, की पहिल्या वर्षीच्या चुका तो वेगळ्या नजरेने बघतो.

जानेवारी-फेब्रुवारीत बहुतेक नवख्यांची गाडी एकदा अडते. शाळेचा हंगामही पंचवीस-तीस सामन्यांचा असतो, पण निम्मे सामने हलके, प्रवास बसने. कॉलेजात लीगचे सामने सुरू झाले की हलका सामना उरत नाही. २०२४ पासून लॉस एंजेलिसची दोन विद्यापीठं बिग टेन लीगमध्ये आली, तेव्हापासून तिथल्या पोरांना सामन्यासाठी न्यू जर्सीपर्यंत उडून जावं लागतं, तीन तासांचा घड्याळाचा फरक अंगावर घेऊन. नियमाने संघाचा सराव आठवड्याला २० तासांपुरता आणि एक दिवस सुट्टी. पण प्रवास, बर्फाची पिशवी घेऊन बसणं आणि अभ्यास त्या वीस तासांत मोजला जात नाही. या दिवसांत शहाणा प्रशिक्षक सराव वाढवत नाही. तो पाऊण तासाने कमी करतो आणि पोरांना झोपायला पाठवतो.

एके काळी हा सगळा काळ मैदानाबाहेर काढायचाच नियम होता. १९७१-७२ पर्यंत पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघात खेळता येत नसे. त्यांचा वेगळा संघ असे. १९६५ च्या नोव्हेंबरात लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाच्या त्या नवख्यांच्या संघाने आपल्याच मुख्य संघाला, म्हणजे सलग दोन वेळच्या राष्ट्रीय विजेत्यांना, ७५-६० असं हरवलं. ल्यू अल्सिंडरने, म्हणजे पुढे करीम अब्दुल-जब्बार या नावाने एन.बी.ए. गाजवणाऱ्या मुलाने, ३१ गुण काढले. आणि तरी तो ते वर्षभर नवख्यांच्याच संघात खेळला. आज ते वर्ष नाहीच, उलट दरवर्षी संघ बदलायची मोकळीक आल्यापासून प्रशिक्षक बावीस-तेवीस वर्षांचे तयार खेळाडू उचलतात. शाळेतून आलेल्या मुलाला शिकायला मिळणारी मिनिटं त्यामुळे आणखी आटली आहेत, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

नोव्हेंबर २००६ मध्ये डेव्हिडसन नावाच्या छोट्या कॉलेजकडून एक सडपातळ मुलगा पहिला सामना खेळला. मोठ्या विद्यापीठांनी त्याला घेतलं नव्हतं. ईस्टर्न मिशिगनविरुद्धच्या त्या सामन्यात स्टीफन करीने, पुढे एन.बी.ए. गाजवणाऱ्या त्याच करीने, तेरा वेळा चेंडू गमावला. तेरा! प्रशिक्षक बॉब मॅककिलप यांनी त्याला तरीही खेळवत ठेवलं. पुढचा सामना मिशिगनशी होता. त्यात करी पुन्हा सुरुवातीपासून मैदानात होता, आणि त्याने ३२ गुण काढले.